हाक देऊन गप्प बसणं

१९६० चा एप्रिल संपत आला आहे. अमेरिकेच्या मिझुरी राज्यात, दक्षिणेकडच्या ओझार्कच्या डोंगरात, तुम्ही एका धारेवर उभे आहात आणि सूर्य नुकताच मावळला आहे. पायाखाली चकमकीच्या दगडाचे धारदार तुकडे करकरतात. ओक आणि हिकरीची पालवी अजून कोवळी असल्यामुळे जंगलातून लांबवर नजर जाते. मधूनच डॉगवूडची बुटकी झाडं पांढऱ्या फुलोऱ्यानं उठून दिसतात. सोबत सत्तरी ओलांडलेला एक म्हातारा आहे, अंगात विटलेला ओव्हरॉल, डोक्यावर तेलकट टोपी. बराच वेळ तो एक अक्षरही बोललेला नाही.

तो दोन्ही तळवे तोंडाशी धरतो आणि घुबडाचा आवाज काढतो. इथलं पट्टेरी घुबड आठ सुरांत घुमतं, शेवटचा सूर खाली ओढत. म्हाताऱ्याचा आठवा सूर विरतो न विरतो तोच पलीकडच्या उतारावरून उत्तर येतं. घोगरं, गडगडत आलेलं, घशातल्या घशात कोसळणारं. रानटर्कीचा नर!

वसंतात नराला राहवतच नाही. घुबड घुमो, कावळा ओरडो, ढग गडगडो की कुणी ट्रकचं दार धाडकन आपटो, मोठा आवाज कानावर पडला की तो ओरडून मोकळा होतो. अंगानं एवढा मोठा असला तरी हा पक्षी रात्र झाडावर काढतो, आणि आता त्यानं स्वतःच आपलं झाड सांगून टाकलं आहे. म्हातारा खुणेची दोन झाडं हेरून ठेवतो आणि परत फिरतो. शिकारीचं अर्धं काम आदल्या संध्याकाळीच होतं, बंदूक खांद्यावरून न उतरवता.

उद्या मोसमाचा दुसरा दिवस. परवा मोसम संपणार. तीनच दिवस, राज्यातल्या १४ काउंट्यांपुरते, आणि मारायचा तो फक्त नर. १९३७ साली मिझुरीनं टर्कीची शिकार बंद केली, त्यानंतर तेवीस वर्षांनी मिळालेली ही पहिली परवानगी. तुम्ही ज्या काळातून आलात तिथल्या शिकाऱ्यांना हे तीन दिवस कुणी भीक घातल्यासारखे वाटतील. म्हाताऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहा. त्यानं दाढी केली आहे, बंदुकीला नवं तेल दिलं आहे.

पहाटे साडेतीनला तो तुम्हाला हलवून उठवतो. चुलीवरची काळी कॉफी, मक्याच्या पावाचा तुकडा, आणि बॅटरी न लावता चालायचं. गळ्याभोवतीचा लाल रुमाल तो तुम्हाला काढून खिशात ठेवायला लावतो. वसंतात नराचं डोकं लाल, पांढरं, निळं होतं. झाडीतून यांतला एक रंग जरी हलला तरी दुसऱ्या कुणाची गोळी येऊ शकते. त्याच कारणासाठी तो तुम्हाला तुमच्या खांद्यांपेक्षा रुंद बुंध्याच्या ओकला पाठ टेकून बसवतो. बुंध्यानं पाठ झाकली जाते आणि माणसाची आकृतीही झाडात मिसळून जाते. ओरडणाऱ्या नराच्या दिशेनं दबकत जायचं नाही, हा इथला पहिला नियम. त्या टोकाला टर्कीचा आवाज काढत बसलेला दुसरा शिकारी असू शकतो.

जागा नराच्या झाडापासून दीडशे पावलांवर आहे, थोडी वरच्या अंगाला. म्हातारा सांगतो, बोलावल्यावर टर्की चढून येतो, उतरून यायला कचरतो. गुडघा उभा, त्यावर बारा बोअरची बंदूक, नळी झाडाच्या दिशेनं. आता हालचाल बंद. या पक्ष्याला वास जवळजवळ येत नाही, पण डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यानं मान किंचित वळवली तरी त्याला सभोवार दिसतं, रंगही दिसतात. हरणासमोर नाक खाजवलं तर कदाचित खपून जाईल. इथं पापणीसुद्धा जपून लववायची.

म्हाताऱ्याच्या छातीवरच्या खिशात दोन वस्तू आहेत. एक शाळेच्या पाटीचा तळहाताएवढा तुकडा आणि सीडरच्या लाकडाची काडी. काडी पाटीवर छोट्या वेटोळ्यात ओढली की मादीचा 'क्यॉक, क्यॉक, क्यॉक' निघतो. दुसरी वस्तू तो हातात घ्यायला देतो. मादीच्या पंखातली तीन पोकळ हाडं एकात एक बसवून, सांध्यावर दोरा गुंडाळून केलेली वीतभर नळी. वापरून वापरून ती पिवळी पडली आहे, ओठ लागतात त्या टोकाला दातांच्या बारीक खुणा आहेत. हिच्यात फुंकायचं नसतं, ओठ आवळून हवा आत ओढायची असते. ही त्याच्या बापानं केलेली. जिच्या पंखातून ही हाडं आली ती मादी, मादी मारायला कुणाची आडकाठी नव्हती त्या काळातली.

अंधारात व्हिपुअरविल नावाचा रातवा एकच शब्द घोकत असतो. तो थांबतो आणि तांबडं फुटतं. मग पलीकडच्या झाडावरून पहिली गर्जना येते. काल संध्याकाळी ती लांबून ऐकली होती, आज ती छातीच्या पिंजऱ्यात घुमते. बंदुकीवरचा हात थरथरतो. म्हातारा नळी ओठाला लावतो आणि नुकत्याच जाग्या झालेल्या मादीसारखे तीन मऊ सूर काढतो. चौथा नाही. उत्तर जवळजवळ त्या सुरांवर आदळतंच. त्याला कळलं. तुम्हाला वाटतं, आता पुन्हा, जरा मोठ्यानं! म्हातारा नळी खिशात ठेवून देतो.

या शिकारीची सगळी अडचण इथं आहे. निसर्गात नर मादीकडे जात नाही. तो ओरडतो, पिसारा फुलवून जागेवर उभा राहतो आणि माद्या त्याच्याकडे चालत जातात. तुम्ही मादी बनून त्याला उलटं सांगताय की तू ये. जितकं बोलाल तितकी त्याची खात्री पटते की ही एवढी आतुर आहे तर येईलच स्वतः, आणि तो हलत नाही. गप्प झालात तर त्याला प्रश्न पडतो. हाक काढायला महिनाभरात शिकता येतं. हाकेनंतरचं गप्प बसणं कित्येकांना आयुष्यभर जमत नाही, आणि माझ्या मते शिकारी ओळखायचा तो त्या गप्प बसण्यावरून.

फडाफड पंख वाजतात. तो जमिनीवर उतरला. पाठोपाठ आणखी पंख, हलके. माद्या. खऱ्या. त्याचं ओरडणं हळूहळू उताराच्या खाली, दूर जातं आणि विझतं. सकाळचे सहा वाजलेत. म्हातारा टोपी डोळ्यांवर ओढून बुंध्याला मान टेकतो. 'माद्यांना सोडून तो कुठं येतोय? बसायचं.'

बसल्या बसल्या तुमच्याखालचा हा डोंगर काळात मागं सरकू लागतो.

१९०० साल. हीच धार, पण ओकच्या जागी उंच पाइन, आणि दोन माणसं दोन टोकांना धरून चालवतात त्या करवतीचा आवाज. दक्षिणेला ग्रँडिन गावात मिझुरी लंबर अँड मायनिंग कंपनीची गिरणी आहे, देशातल्या सर्वांत मोठ्या लाकूड गिरण्यांपैकी एक. १९०९ साली ती इथलं काम आवरते, कारण कापायला पाइन उरलेला नसतो. कामगारांपैकी बरेच इथंच राहतात. उघड्या पडलेल्या उतारांवर गुरं आणि डुकरं मोकळी सोडतात, कोवळं गवत यावं आणि गोचिडी मराव्यात म्हणून दर वसंतात रान पेटवतात. टर्कीची मादी जमिनीवर, पालापाचोळ्यात अंडी घालते, तीही नेमकी वसंतात. जे घरटं आगीतून वाचतं ते डुकराच्या तोंडी लागतं, आणि जो पक्षी वाचतो तो बारा महिने कुणाच्या तरी बंदुकीच्या पल्ल्यात असतो. या लोकांना दोष देणं सोपं आहे. गिरणी गेल्यावर त्यांच्यापाशी दगडाळ जमीन आणि भूक एवढंच होतं.

१९३० चं दशक. एका गाडीतून लाकडी खोकी उतरतात, झडपा उघडतात, आणि पिंजऱ्यात वाढवलेल्या टर्की जंगलात पाऊल टाकतात. १९२५ ते १९४३ या काळात असे सुमारे १४ हजार पक्षी मिझुरीच्या जंगलात सोडले गेले. तुमच्यासमोरचा एक पक्षी जरा इकडेतिकडे पाहतो आणि धूर दिसतो त्या घराच्या अंगणाकडे चालू लागतो. कोल्हा, घुबड, थंडी, माणूस, जो आधी येईल त्याच्या वाट्याला हे पक्षी जातात. ते का टिकले नाहीत याचा छडा वन्यजीव अभ्यासक स्टार्कर लिओपोल्ड यांनी याच राज्यात लावला. १९४४ साली त्यांनी लिहून ठेवलं की फरक शिकवणीचा नाही, आनुवंशिक रानटीपणाचा आहे. रानटर्कीचा मेंदू अंगाच्या मानानं मोठा असतो. आईनं धोक्याचा सूर काढला की रानातली पिल्लं जिथल्या तिथं गोठतात, पिंजऱ्यातल्या, पाळीव टर्कीशी संकर झालेल्या पक्ष्यांची पिल्लं सैरावैरा पळतात. हे वाचताना मला लिओपोल्ड यांच्या संशोधनाइतकंच त्या गोठून बसणाऱ्या पिल्लांचं कौतुक वाटतं. मुठीत मावणारा जीव, आणि एवढा दम!

१९५४, पेक रँच. शिकागोच्या एका व्यापाऱ्याची ही जुनी जमीन राज्याच्या वन्यजीव खात्यानं १९४५ साली टर्कीसाठीच विकत घेतली. दोन वर्षांपूर्वीच्या अंदाजानुसार राज्यात अडीच हजारही रानटर्की उरलेल्या नाहीत. तुम्ही फांद्यांच्या आडोशात एका माणसाशेजारी बसला आहात. समोर मक्याचे दाणे टाकलेत, कडेला पाल्याखाली घडी घातलेलं जाळं आणि छोट्या तोफा. कळप येतो, माना खाली जातात. सगळ्या माना खाली जाईपर्यंत शेजारचा माणूस थांबतो. मग धडाका, धूर, आणि कळपावर पसरलेलं जाळं! तुम्ही दोघं धावत सुटता. पकडलेला एकेक पक्षी खोक्यात जातो, आणि जिथं टर्की संपल्या होत्या त्या डोंगरात सोडला जातो. अंगणाकडे न जाणारा, माणूस दिसताच पळणारा. १९७९ पर्यंत असे अडीच हजारांहून अधिक पक्षी राज्यभर पोचतील.

पण सोडलेला पक्षी टिकायचा तर आजूबाजूच्या वाड्यांतल्या लोकांनी बंदूक भिंतीवर टांगून ठेवायला हवी होती, वसंतात काडी ओढणं थांबवायला हवं होतं. पहारेकरी सगळ्या डोंगरात पुरे पडत नसतात. शेजारी टोपीखाली डोळे मिटून बसलेल्या या म्हाताऱ्यानं विशीत पाइन कापला, तिशीत रान पेटवलं, आणि नंतर दारातून चालत जाणारा कळप नुसता पाहिला. मला या सगळ्या हकिकतीत जाळ्याइतकाच तो महत्त्वाचा वाटतो.

साडेनऊ होतात. म्हातारा डोळे उघडतो. माद्या एकेक करून अंडी घालायला घरट्याकडे जायची ही वेळ. मादी बहुतेक दिवशी एक असं करत दहा-बारा अंडी घालते, मग २८ दिवस उबवते, आणि एकदा अंड्यांवर बसली की तिला नराची गरज नसते. वसंतातल्या शिकारीचा हिशेब यावरच बेतलेला आहे. एक नर अनेक माद्यांना पुरतो, मीलन बहुतेक आटोपलं की काही नर कमी झाल्यानं पिल्लं कमी होत नाहीत. म्हणून तारीख एप्रिलच्या शेवटाची. ती आठ-दहा दिवस अलीकडे आणली तरी हा हिशेब बिघडू शकतो.

नळी ओठाला. पाच सूर, या वेळी जरा करडे. दूर, खालून उत्तर येतं. एकटा आहे. नळी खिशात.

मग काही नाही. दहा मिनिटं, वीस. पाय बधिर होतो. मानेवर गोचीड चालते आहे हे तुम्हाला कळतं आणि तुम्ही तिला चालू देता. नर गेला असणार, असं मन पुनःपुन्हा सांगतं. याच क्षणी बहुतेक लोक उठतात आणि पन्नास पावलांवरून पक्षी उडताना पाहतात.

आधी आवाज येतो, तो कानापेक्षा पोटाला कळतो. एक बारीक 'फ्स्स', आणि मागोमाग खोल, जमिनीतून आल्यासारखी 'घुम्म'. पिसारा फुलवताना नर हा आवाज करतो. पुन्हा. मग डॉगवूडच्या मागून शेपटीचा उघडा पंखा वर येतो. नर. छातीची पिसं उन्हात तांबूस, हिरवी, मग एकदम काळी. छातीवर लोंबणारी दाढी, म्हणजे केसांसारखी राठ पिसं. पंखांची टोकं पाचोळ्यावरून खरखरत येतात. आणि डोकं: टाळू पांढरा, गाल निळे, गळ्याच्या गाठी लालभडक. तो चोच पुढे करून ओरडतो आणि निळा तुमच्या डोळ्यांदेखत फिका होतो. कातडीखालचं रक्त चढेल-उतरेल तसे हे रंग पालटतात.

या रंगांनी आपल्याकडचाही एक माणूस थक्क झाला होता. १६१२ साली मुघल सरदार मुकर्रब खानानं गोव्यात पोर्तुगीजांकडून घेतलेल्या अपूर्व वस्तूंमध्ये एक टर्की होता, तो जहांगीर बादशहापुढे आला. फुलल्यावर त्याचं डोकं-मान कशी पोवळ्यासारखी लाल, मग कापसासारखी पांढरी, मग पिरोजी होते हे बादशहानं आपल्या आठवणींत टिपून ठेवलं आणि उस्ताद मन्सूरकडून चित्र काढून घेतलं. ते चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. तो पक्षी मेक्सिकोत माणसाळवलेल्या वाणाचा, समुद्रमार्गे आलेला, दरबारात उभा. त्याचा रानातला भाऊबंद इथं तुमच्यापासून तीस यार्डांवर आहे आणि त्याला तुम्ही अजून दिसलेला नाहीत.

पंखा मिटतो, मान ताठ वर येते. नेम मानेवर आणि डोक्यावर घ्यायचा असतो, अंगावर मारलेले छर्रे पिसांत मुरतात आणि पक्षी जखमी होऊन निसटतो. गाल बंदुकीच्या दस्त्याला टेकतो. बोट घोड्यावर जातं. आणि त्याच्या मागून, अगदी त्याच रेषेत, एक तपकिरी मान वर येते. मादी. ती त्याच्यासोबतच चालत आली आहे. छर्रे पसरतात. तीस यार्डांवर तो पसारा दोघांनाही घेईल.

तुम्ही थांबता. ती एक पाऊल बाजूला होईल. नर मान वळवतो, मादीही त्याच्याबरोबर सरकते. दस्त्यावरचा तुमचा गाल घामानं निसरडा झाला आहे, तो किंचित घसरतो, आणि तेवढं पुरतं. 'टक्!' एकच कोरडा सूर, आणि तिथं फक्त डॉगवूड उरतो. उडालेसुद्धा नाहीत, पाचोळा वाजवत पळाले.

म्हातारा सावकाश उठतो, गुडघे चोळतो. 'ती अंड्यांवर बसायची आहे अजून,' एवढंच म्हणतो आणि बंदुकीतली काडतुसं काढतो.

दुपारी तुम्ही नोंदणी केंद्रावर जाता. मारलेला प्रत्येक पक्षी इथं आणून दाखवायचा असतो. वन्यजीव खात्याचा तरुण जीवशास्त्रज्ञ एका शेतकऱ्याचा नर काट्याला टांगतो, दाढीवर टेप धरतो, पायामागचा काटा दोन बोटांत पकडून मोजतो. या काट्यावरून वय कळतं. वर्षाच्या नराचा तो बोथट गुठळीएवढा असतो, तीन-चार वर्षांच्या नराचा टोकदार आणि वळलेला. तुम्ही पिसांवरून हात फिरवता. लांबून काळं दिसणारं प्रत्येक पीस जवळून तांब्याचं आहे आणि त्याच्या टोकाला मखमली काळी किनार आहे. शेतकऱ्याची दोन लहान मुलं बाजूला उभी आहेत. त्यांनी मेलेला काय, जिवंत रानटर्कीही याआधी पाहिलेला नाही.

तीन दिवसांत सुमारे सातशे शिकाऱ्यांना मिळून ९४ नर मिळतील. म्हणजे सहाशेच्या वर माणसं रिकाम्या हातानं घरी जातील, आणि त्यांतली बरीचशी पुढल्या वर्षी पुन्हा येतील. तुम्ही पुढच्या काळातून आलात म्हणून तुम्हाला ठाऊक आहे की २००४ च्या वसंतात याच राज्यात साठ हजारांवर पक्ष्यांची नोंद होईल, मिझुरीच्या टर्की दुसऱ्या राज्यांना जातील आणि त्या देवघेवीतून इथल्या नद्यांत पाणमांजरं परत येतील. हेही ठाऊक आहे की त्यानंतर आकडा बराच खाली घसरेल, पिल्लं कमी जगतात म्हणून अभ्यासक काळजीत पडतील, आणि अनेक राज्यांत शिकारीची तारीख आणखी पुढे ढकलायची का यावर पुन्हा वाद होईल. तो वाद ऐकताना मला म्हाताऱ्याचं ते एक वाक्य आठवत राहतं. अभ्यासकांचे तक्तेही शेवटी त्याच मादीभोवती फिरतात.

जीवशास्त्रज्ञ तुमच्याकडे वळतो. पक्षी नाही तरी त्याला विचारायचं आहेच: किती नर ओरडताना ऐकले, माद्या सोबत होत्या का, किती वाजता वेगळ्या झाल्या. म्हातारा एकेक उत्तर विचार करून देतो आणि तो तरुण सगळं लिहून घेतो.

बाहेर ट्रकपाशी म्हातारा नळी फडक्यात गुंडाळून गाडीच्या खणात ठेवून देतो.

'उद्या पलीकडच्या अंगानं चढू,' तो म्हणतो. 'आणि पाटी घेऊ. हाडाचा आवाज त्यानं ऐकलाय आता.'